देवाचे नाव न घेता धीर देणारी माणसे : सत्यशोधक विधीपासून बौद्धाचार्यांपर्यंत



विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत एखादा इतिहासपर लेख असावा, असे मंडळाच्या बैठकीत ठरले. तेव्हा कोणी लेण्यांवर लिहा म्हणाले, कोणी सम्राट अशोकावर. हे विषय थोर आहेतच, पण त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही निवडलेला विषय आपल्या रोजच्या पाहण्यातला आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. लग्नात, नामकरणात, गृहप्रवेशात आणि मयताच्या घरी पांढरे कपडे घालून जो माणूस पुढे बसतो, त्रिसरण-पंचशील देतो, तो कोण? तो भंते नव्हे, कारण त्याला बायको-पोरे आहेत, आणि सकाळी तो कारखान्यात नाही तर शाळेत कामाला गेलेला असतो. भटजी तर नव्हेच नव्हे. त्याला आपण बौद्धाचार्य म्हणतो. हा माणूस आपल्यात आला कुठून, याचा मागोवा घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

हा विषय सुचायला एक निमित्त झाले. आमच्यातल्या एका शिकणाऱ्या मुलाने विचारले, ‘परदेशात म्हणे नास्तिक लोक चॅप्लेन व्हायचे शिक्षण घेतात. देवच मानत नाहीत, तर धर्मगुरूचे काम करतात कसे?’ चॅप्लेन हा मूळचा चर्चचा शब्द. जो पाद्री एका देवळाशी बांधलेला नसून पलटणीत, दवाखान्यात, तुरुंगात किंवा कॉलेजात माणसांच्या सोबतीला असतो, तो चॅप्लेन. आजाऱ्याच्या उशाशी बसणे, मरणाऱ्याचे शेवटचे बोलणे ऐकणे, त्याच्या माणसांना धीर देणे, जमल्यास अंत्यविधी करणे, ही त्याची कामे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडमध्ये प्रश्न उभा राहिला, की जे लोक चर्च सोडून गेले त्यांच्या उशाशी कोण बसणार? याप वान प्राग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ साली तेथे मानवतावादी संघ काढला. पुढे १९६४ पासून डच सैन्यात देव न मानणारे मानवतावादी सल्लागार नेमले जाऊ लागले, आणि १९८९ साली उत्रेख्त शहरात या कामाचे शिक्षण देणारे स्वतंत्र विद्यापीठच सुरू झाले. बेल्जियमने १९९३ मध्ये राज्यघटना दुरुस्त करून अशा सल्लागारांचा पगार सरकारी तिजोरीतून देण्याची सोय केली. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात सर्व धर्मांच्या चॅप्लेनांनी मिळून २०२१ साली आपला अध्यक्ष निवडला, तो ग्रेग एपस्टाईन नावाचा नास्तिक गृहस्थ. इंग्लंडातही अलीकडे सरकारी दवाखान्यांतून असे लोक पगारी कामावर घेतले गेले. असो. परदेशाचे एवढे पुरे.

आमचे म्हणणे असे, की याच वाटेने आपल्या महाराष्ट्रातली माणसे दीडशे वर्षांपूर्वीच चालू लागली होती. फक्त आपल्याला त्याचे नाव ठाऊक नव्हते.

महात्मा जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबर १८७३ ला, सीताराम जबाजी आल्हाट आणि राधाबाई यांचे लग्न भटाशिवाय लागले. सत्यशोधक पद्धतीचा हा पहिला विवाह. (याच तारखेला, चोपन्न वर्षांनी, बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली. हा योगायोगच, पण आम्हाला तो नोंदवल्यावाचून राहवत नाही.) या लग्नात सावित्रीमाईंनी पुढाकार घेतला होता. पुढे १८८७ साली जोतीरावांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीची छोटी पुस्तिकाच छापून काढली, म्हणजे कोणाही शहाण्या माणसाने ती हातात धरावी आणि विधी उरकावा. मंगलाष्टके साध्या मराठीत. त्यात नवरी नवऱ्याला स्त्रियांच्या हक्काचे विचारते आणि नवरा तिला उत्तर देतो. लग्नाला आलेल्या बाया-माणसांना पहिल्यांदाच कळले असेल, की लग्नात नेमके काय बोलतात!

येथे एक खुलासा केला पाहिजे. जोतीराव नास्तिक नव्हते. ते ‘निर्मिक’ मानीत. त्यांच्या मरणानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त जन्म, लग्न, मृत्यू यांचे विधी आहेत, तेही निर्मिकाला सोडून नाहीत. तेव्हा त्यांना ओढूनताणून नास्तिक ठरविणे बरे नव्हे. त्यांनी तोडला तो मधला माणूस. देव आणि माणूस यांच्या मध्ये बसून टोल घेणारा. एकदा तो मधला माणूस उठवला, की विधी करणारा कोणीही असू शकतो हे सिद्ध झाले. पुढच्या पिढ्यांना निर्मिकाशिवायही तेच करता आले, ते यामुळे. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० ला गेले, तेव्हा टिटवे धरून सावित्रीमाई स्वतः अंत्ययात्रेपुढे चालल्या असे सांगतात. आजही कितीतरी ठिकाणी बाईने मडके धरले की कुजबुज होते. ही गोष्ट एकशे तीसहून अधिक वर्षांपूर्वीची आहे.

गावजोशांनी हे मुकाट्याने सोसले नाही. त्या काळी जोशीपण हे वतन होते. तुम्ही लग्न कोणाकडूनही लावा, दक्षिणेवर हक्क गावजोशाचा. न दिली तर तो कोर्टात जाई. जुन्नरजवळ ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी भटाशिवाय घरचे लग्न लावले, तेव्हा त्यांच्यावर खटला गुदरला आणि तो वरच्या कोर्टापर्यंत गेला. शेतकऱ्याने नांगर सोडून कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्यात, त्या कशासाठी, तर आपल्या पोरीच्या लग्नात आपल्याला कळेल असे काही बोलले जावे यासाठी! या जाचातून मोकळीक मिळायला १९२६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मुंबई कायदेमंडळाने कायदा करून, ज्या विधीसाठी जोशाला बोलावलेच नाही त्याचे पैसे मागण्याचा हक्क रद्द केला. त्यासाठी झटले ते रावबहादूर सी. के. बोले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव १९२३ साली मांडणारे हेच बोले. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा पाया त्या ठरावाने घातला, हे आपण जाणतोच. विहिरीवरची आणि बोहल्यावरची अशा दोन्ही अडचणी एकाच माणसाला दिसाव्यात, यात नवल नाही.

विधी करणारा माणूस शिकवून तयार करावा लागतो, हे प्रथम ओळखले ते राजर्षी शाहू महाराजांनी. वेदोक्ताचे प्रकरण त्यांनी स्वतः भोगले होते. कोल्हापुरात १९१३ साली विठ्ठलराव डोणे यांच्या देखरेखीखाली सत्यशोधक शाळा निघाली, आणि तेथे ब्राह्मणेतर मुलांना विधी शिकविले जाऊ लागले. भास्करराव जाधवांचे ‘घरचा पुरोहित’ हे पुस्तकही याच चळवळीतले. नावातच सगळे आले. पुढे १९२० मध्ये महाराजांनी क्षात्रजगद्गुरूंचे पीठ निर्माण केले. ते मात्र पुष्कळ सत्यशोधकांच्या पचनी पडले नाही, आणि आम्हालाही ते आजवर पटलेले नाही. जुना जगद्गुरू नको म्हणून नवा जगद्गुरू कशाला? पण महाराजांच्या उपकारांपुढे ही बाब लहान आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. आपल्या राहुरी तालुक्याला लागूनच नेवासे तालुका आहे. तिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण त्याच तालुक्यातल्या तरवडी नावाच्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ हे सत्यशोधकी पत्र चालवले, आणि १९६७ साली डोळे मिटेपर्यंत चालवले, हे किती जणांना ठाऊक आहे? ना मोठे शहर, ना धड रस्ता. खेड्यात छापखाना बसवून जवळजवळ सहा दशके पत्र काढणे ही काही साधी गोष्ट नव्हे. मुकुंदराव हे कृष्णराव भालेकरांचे चिरंजीव. भालेकरांनी १८७७ साली ‘दीनबंधू’ काढला होता. म्हणजे रक्तातच होते म्हणायचे. प्रवरेच्या पाण्यावर ऊस आला, बागायत आली. त्याच काळात शेजारच्या तालुक्यातून लोकांच्या घरात जाऊन हे पत्र सांगत होते, की लग्नाला भट नको, कर्ज काढून तेरावे नको.

दुसरी एक परंपरा आपल्या जिल्ह्यात त्याहून जुनी. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) ठाणे मांडले. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई काही वर्षे आपल्या राहुरीस राहिले होते. आपल्याच समाजातली कितीतरी घरे त्या काळी ख्रिस्ती झाली. त्यांच्याशी आपले रोटीबेटीचे जमले-न जमले, ते निराळे. पण आपल्या आज्या-पणज्यांनी एक गोष्ट पाहिली होती. ख्रिस्ती घरात कोणी आजारी पडले, की पास्टर घरी येई, बायबलबाई येई. खाटेजवळ बसून बोलत. महारवाड्यातल्या माणसाच्या खाटेजवळ शिकलेले माणूस येऊन बसते, हेच मुळी नवीन होते. भटजी तर सावलीलाही उभा राहत नव्हता. आम्हाला वाटते, की धर्मांतराच्या तात्त्विक चर्चेत या खाटेजवळच्या बसण्याचे मोल आपण कमी धरतो.

परमपूज्य बाबासाहेबांनी मात्र ते कमी धरले नव्हते. पुरोहित या संस्थेचा त्यांनी किती बारकाईने विचार केला होता, हे पाहायचे तर १९३६ चे ‘जातिनिर्मूलन’ उघडावे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि न झालेले ते भाषण. त्यात ते म्हणतात, की पुरोहितगिरी नाहीशी झाली तर उत्तमच. पण ते होणार नसेल, तर निदान ती जन्मावर ठेवू नका. सरकारने परीक्षा घ्यावी. पास होईल त्याला सनद द्यावी, मग तो कोणत्याही जातीचा असो. सनद नसलेल्याने विधी केला तर त्याला शिक्षा व्हावी. पुरोहित हा सरकारी नोकर असावा, आणि त्यांची संख्याही ठरलेली असावी. लोक हे वाचतात आणि पुढे जातात. आम्ही मात्र येथे थांबतो. वकिलाला परीक्षा, डॉक्टरला परीक्षा, आणि जन्म-मरणाच्या वेळी घरात येणाऱ्या माणसाला परीक्षा नको, हे त्यांना पटत नव्हते.

पुढे बौद्ध धम्माचा स्वीकार करायचे ठरत आले, तेव्हा त्यांनी ब्रह्मदेशातील बुद्ध शासन कौन्सिलला एक निवेदन दिले. भारतात धम्म रुजवायचा तर काय करावे लागेल, याची त्यात यादी आहे : सर्वांना वाचता येईल असा एक धम्मग्रंथ, गृहस्थांसाठी दीक्षेचा विधी, धम्मशिक्षणाची शाळा, आणि गृहस्थ धम्मप्रचारक. हे प्रचारक लग्न झालेले असले तरी चालतील, सुरुवातीला अर्धवेळ असले तरी चालतील, पण त्यांना मोबदला दिला पाहिजे, असे त्यांनी मुद्दाम लिहिले. भिक्खूसंघाबद्दल त्यांचे समाधान नव्हते. भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की समाजाचा सेवक, हा प्रश्न त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच घातला आहे. पांढऱ्या कपड्यातल्या बौद्धाचार्याचे बीज येथे आहे.

४ मे १९५५ ला भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात महास्थविर चंद्रमणी यांनी बाबासाहेब आणि माईसाहेबांना दीक्षा दिली. त्यानंतर काय घडले? बाबासाहेब स्वतः उठले, आणि समोरच्या लाखो लोकांना त्यांनी स्वतः त्रिसरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. अंगावर चीवर नसलेल्या गृहस्थाने लाखोंना दीक्षा द्यावी, ही बौद्ध जगतात अपूर्व गोष्ट होती. त्या बावीस प्रतिज्ञांमध्ये ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे, श्राद्ध-पिंडदान न करण्याची आहे, आणि ब्राह्मणाकडून कोणतेही क्रियाकर्म न करण्याचीही आहे. म्हणजे एका दिवसात लाखो घरांतून देव गेले आणि पुरोहितही गेला. मग उद्या घरात मयत झाले तर?

तो ‘उद्या’ फार लवकर आला. ६ डिसेंबर १९५६. दीक्षेला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी चितेपुढे भदंत आनंद कौसल्यायन उभे राहिले, आणि त्यांनी तेथेच जमलेल्या जनसागराला दीक्षा दिली. नागपुरात संघरक्षित नावाचे इंग्रज भिक्खू नेमके ६ डिसेंबरला पोहोचले होते. पुढचे काही दिवस ते वस्तीवस्तीतून शोकसभांत बोलत फिरले. बाप गेलेल्या लेकरांसारखी झालेली ती माणसे. देवाला साकडे घालता येत नाही, कारण देव सोडून आलेलो. नशिबाला बोल लावता येत नाही, कारण नशीबही सोडून आलेलो. अशा वेळी कोणीतरी माणूसच जवळ लागतो. चॅप्लेन म्हणतात तो हाच, आणि आपल्या समाजाला तो पहिल्यांदा भेटला तो असा.

संघरक्षितांच्या प्रेरणेने पुढे १९७९ साली पुण्यात त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण सुरू झाला, आणि त्यांनीही गृहस्थ धम्मचारी घडविले. पण गावोगावच्या बौद्धवाड्यांत पोहोचले ते प्रामुख्याने महासभेचे बौद्धाचार्य. भय्यासाहेब यशवंतराव आंबेडकर १९७७ पर्यंत महासभेचे अध्यक्ष होते. त्यांच्यानंतर मीराताईंनी धुरा सांभाळली. श्रामणेर शिबिर, मुंडन, काही दिवस चीवर, पहाटे उठणे, भिक्षा, दुपारनंतर जेवण नाही, मग विधीचे पाठ आणि परीक्षा. शिबिर संपले की गडी परत पांढऱ्या कपड्यात, आपल्या कामाधंद्याला. ऊसतोडीच्या मुकादमापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्या प्रकारचे लोक हे शिक्षण घेतात. जन्माने कोणीही बौद्धाचार्य होत नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली सरकारकडे मागितलेली परीक्षा समाजाने स्वतःच सुरू केली, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच्या हातात साधने किती थोडी! दोन प्रतिमा, मेणबत्ती, अगरबत्ती, फुले, एक पांढरे सूत, आणि बाबासाहेबांनी स्वतः संकलित केलेल्या ‘बौद्ध पूजा पाठ’पासून सुरू झालेल्या छोट्या पुस्तिकांपैकी एखादी. लग्नात तो नवरा-नवरीकडून सिगालोवाद सुत्तातल्या पाच-पाच कर्तव्यांची कबुली घेतो, जयमंगल अष्टगाथा म्हणतो, हार घातले जातात, झाले लग्न. अर्ध्या तासाचा मामला. या एका सुधारणेने आपल्या किती बापांचे कर्ज वाचले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

पण आता थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. स्मरणिकेत गोडगोड लिहायची पद्धत आहे, ती आम्ही या पानापुरती बाजूला ठेवतो.

बौद्धाचार्य विधीत तयार झाला, पण खाटेजवळ बसण्यात तो तितका तयार झाला नाही. मयताच्या घरी येतो, गाथा म्हणतो, पुण्यानुमोदन होते, दोन-चार पुढारी श्रद्धांजलीची भाषणे करतात, कालकथिताला दोन मिनिटे स्तब्धता, आणि सगळे पांगतात. गाथा पाली भाषेत. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीने सरळ विचारले, ‘बाबा, चांगलं म्हणला तू, पन काय म्हणला ते मला कळंना. भटाचं बी कळत नव्हतं.’ या बोलण्यावर आम्ही हसलो खरे, पण जोतीरावांनी मराठी मंगलाष्टके कशासाठी लिहिली होती, तेही आठवले. काही ठिकाणी तर मुहूर्त विचारला जातो. ‘जलदान विधी’ या नावावरून तर वादच आहे, की हे मागच्या दाराने आलेले पिंडदान तर नव्हे? आमच्या मते नाव काहीही ठेवा, मेलेल्याला काही पोहोचते असे घरच्यांना वाटू देऊ नका म्हणजे झाले.

दुसरीकडे आपली शिकलेली पोरे आहेत. ती म्हणतात, मेणबत्ती तरी कशाला? आम्ही नास्तिक. बाप गेला, जाळला, संपले. त्यांचे चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण बाप त्यांचा गेला तसा आईचा नवराही गेलेला असतो. तिला संध्याकाळी घर खायला उठते. तिच्याशी बोलायला कोणी नसेल, तर मंत्र सांगणारा बुवा गल्लीच्या तोंडाशी उभाच आहे. देव गेल्यावर रिकामी झालेली जागा माणसाने भरली नाही, तर तेथे बुवा येतो. आपल्याच घरांच्या कोपऱ्यांतून परत आलेले देव्हारे पाहिले की आम्हाला हेच वाटते.

आणि केवळ म्हातारपणाचे मरणच येते असे थोडेच आहे? आपल्या जिल्ह्याने २०१३ साली सोनई पाहिले, २०१४ साली खर्डा पाहिले. मोर्चे निघाले, मंत्री आले, कॅमेरे आले. ते यायलाच हवे होते. पण कॅमेरे गेल्यावरच्या महिन्यांत, कोर्टाच्या तारखांच्या मधल्या दिवसांत, त्या आईबापांजवळ बसण्याचे काम कोणाचे? मोर्चा काढणे आपण शिकलो, निवेदन देणे शिकलो. हे मात्र शिकायचे राहिले.

हे आपल्या परंपरेत नाही असे कोणी समजू नये. विनयपिटकात प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला. कोणी त्याच्याकडे बघत नाही, कारण तो कोणाच्या उपयोगाचा नाही. भगवान स्वतः पाणी आणवतात, आनंदाच्या मदतीने त्याला धुतात, उचलून खाटेवर ठेवतात, आणि मग संघाला सांगतात, की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. अंगुत्तर निकायात चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण दिले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र-ओकारीची किळस करू नये, आणि वेळोवेळी धम्माच्या चार गोष्टी सांगून आजाऱ्याला उभारी द्यावी. क्रम पाहा. धम्म सांगणे पाचवे आहे. आधी औषध, पथ्य आणि घाण काढणे!

संयुत्त निकायात तर महानाम शाक्य सरळ प्रश्न विचारतो, की एका गृहस्थाने दुसऱ्या आजारी गृहस्थाला उपदेश करावा तो कसा? भगवान उत्तर देतात. आधी त्याला त्याच्या श्रद्धेचा आणि शीलाचा धीर द्या. मग विचारा, की आईबापांची काळजी वाटते का, बायकापोरांची वाटते का, आणि ती एकेक सोडवत जा. त्या सुत्तात पुढे देवलोकाच्या गोष्टीही येतात, त्या आपण बाबासाहेबांच्या दृष्टीने वाचू. पण गृहस्थाने गृहस्थाजवळ बसावे आणि प्रश्न विचारून त्याचे मन हलके करावे, ही रीत तेथे लिहिलेली आहे. किसा गोतमीला तथागतांनी चमत्कार दिला नाही. मोहरी मागायला दारोदार पाठविले. तिने प्रत्येक दारात दुसऱ्याचे दुःख ऐकले. आजच्या मानसशास्त्राचे लोक याहून वेगळे काय सांगतात?

हे काम निव्वळ विवेकाच्या पायावरही होते, याचे दाखले आपल्याच राज्यात आहेत. आंध्रचे गोरा हे कट्टर नास्तिक. त्यांच्या मुलीचे आंतरजातीय लग्न सेवाग्रामला लावायचे गांधीजींनी कबूल केले होते, आणि विधीत देवाच्या ऐवजी सत्याचे नाव घ्यायलाही ते तयार झाले होते. गांधीजींचा खून झाला. तरीही मार्च १९४८ मध्ये ते लग्न सेवाग्रामलाच लागले. गांधीजींशी आपले मतभेद जगजाहीर आहेत, पण ही गोष्ट सांगण्याजोगी आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली. शनी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता यावे म्हणून समितीने केलेला लढा आपल्याच जिल्ह्यातला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. समितीचे कार्यकर्ते सत्यशोधक लग्ने लावतात हे सर्वांना ठाऊक असते. त्यांनी ‘मानसमित्र’ नावाने कार्यकर्ते तयार केले, हे त्या मानाने कमी लोकांना माहीत आहे. यात दाभोलकरांचे चिरंजीव, मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर यांचा पुढाकार. ‘अंगात आले’ म्हणून देवऋष्याकडे नेलेल्या बाईला काय होते आहे हे ओळखणे, तिचे ऐकून घेणे, न रागावता डॉक्टरपर्यंत नेणे, एवढेच मानसमित्राचे काम. बुवाबाजीविरुद्ध भाषण करणे सोपे. पण ती बाई बुवाकडे का गेली, हे ऐकायला तास-दोन तास खर्चावे लागतात. चळवळीला हे उमगायला वेळ लागला, पण उमगले.

सरकारकडे पाहावे, तर सैन्यात धर्मगुरूंची भरती होते : पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, आणि लडाखच्या पलटणीसाठी बौद्ध भिक्खूसुद्धा. कोणताच धर्म न मानणाऱ्या शिपायासाठी मात्र पद नाही. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतो, पण एक माणूस कुठे कुठे पुरणार? ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही फोनसेवा सुरू झाली आहे. क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. तो विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावा अशी आमची मंडळाला सूचना आहे. पण फोन हा फोनच. आपल्याकडचे दुखणे हाताबाहेर गेले की पेशंट लोणीला हलवतात. त्याच्याबरोबर गेलेली माणसे दवाखान्याच्या आवारात चादर टाकून रात्र काढतात. तेथे जाऊन त्यांच्याजवळ बसायला पाली यावी लागत नाही.

मंडळापुढे आम्ही ठेवलेला प्रस्ताव एवढाच आहे. येत्या वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन नेहमीप्रमाणे होईलच. त्याला जोडून दर रविवारी दुपारी दोन तासांचा वर्ग घ्यावा. पहिल्या रविवारी शुश्रूषकाचे पाच गुण, आणि त्याबरोबर एखाद्या अनुभवी नर्सताईंकडून अंथरुणाला खिळलेल्याला कूस कशी द्यावी, याचे प्रात्यक्षिक. दुसऱ्या रविवारी महानामाचे सुत्त. तिसऱ्या रविवारी मरणोत्तर कागदपत्रे : दाखला, विम्याचा अर्ज, विधवा बाईच्या पेन्शनचा फॉर्म. शोकात हेच सगळ्यात जड जाते. त्यापुढच्या रविवारी गाथांचे मराठी अर्थ, तोंडपाठ. वर्गाला उपासिकांनी निम्म्याहून अधिक असावे, कारण मयताच्या घरात आतल्या खोलीत जाता येते ते त्यांनाच. स्वतःला निव्वळ नास्तिक म्हणविणाऱ्या तरुणांनीही यावे. त्यांना मेणबत्ती लावण्याची सक्ती नाही.

बैठकीत यावर चर्चा झाली. दोन ज्येष्ठ उपासकांचा आक्षेप असा, की ही कामे विहाराची नव्हेत, विहाराने वंदना करावी. त्यांचा मान राखून आम्ही पुढच्या पौर्णिमेला विषय पुन्हा ठेवला आहे. तोवर ज्यांना नाव द्यायचे असेल, त्यांनी वंदनेनंतर विहारातील वहीत लिहावे. आजपर्यंत त्या वहीत अकरा नावे आली आहेत. त्यांपैकी सात बायांची.